सोन्याची काया, लाजवर्दाचे केस : प्राचीन इजिप्तचे अलंकार

प्राचीन इजिप्तच्या अलंकारांची छायाचित्रे पाहणारा वाचक दोन प्रश्न हमखास विचारतो. इतके सोने मेलेल्या माणसाबरोबर जमिनीत का पुरून टाकले, हा त्यांतला पहिला. आणि ज्या राजांकडे सोन्याची अशी लयलूट होती त्यांच्या दागिन्यांत हिरे, माणके किंवा पाचू का दिसत नाहीत, हा दुसरा. वरवर पाहता या दोन प्रश्नांचा परस्परांशी संबंध नाही, पण त्यांची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात. आज दागिन्याचे मोल सोन्याचे वजन, त्याचा कस आणि खड्याची दुर्मीळता यांवरून ठरते. नाईल नदीच्या खोऱ्यात जवळजवळ तीन हजार वर्षे ते सर्वांत आधी रंगावरून आणि त्या रंगाला चिकटलेल्या अर्थावरून ठरत होते. हे सूत्र हाती धरून प्रथम धातू, मग खडे, त्यानंतर कारागिरी आणि शेवटी दागिना अंगावर घालणारी माणसे, जिवंत आणि मृत, अशा क्रमाने या विषयाकडे पाहता येते.

१. सोनेच का?

तांब्यावर हिरवी पुटे चढतात, चांदी काळवंडते, लोखंड गंजते. सोने मात्र शेकडो वर्षे मातीत राहिले तरी धुऊन काढताच पूर्वीसारखेच पिवळे चमकते. याचे रासायनिक कारण असे, की हवेतील ऑक्सिजनशी किंवा जमिनीतील ओलाव्याशी सोने सहसा संयोग पावत नाही. इजिप्तच्या लोकांना हे कारण ठाऊक नव्हते, पण परिणाम त्यांनी नीट पाहिला होता, आणि न विटणारा पिवळा धातू व रोज मावळूनही रोज उगवणारा सूर्य यांची सांगड त्यांनी फार लवकर घातली. नव्या राज्याच्या काळातील राजांच्या थडग्यांत कोरलेल्या एका पुराणकथेत वृद्ध झालेल्या रे या सूर्यदेवाचे वर्णन येते : त्याची हाडे चांदीची, मांस सोन्याचे आणि केस लाजवर्दाचे आहेत. लाजवर्द म्हणजे गडद निळ्या रंगाचा, मधूनमधून सोनेरी ठिपके असलेला अपारदर्शक दगड.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर या वर्णनात आहे. मृत्यूनंतर राजा देवांत जाऊन मिळतो, अशी श्रद्धा असल्यामुळे त्याला देवाचे शरीर मिळणे आवश्यक होते आणि ते सोन्याचे असणे ओघानेच आले. इ. स. पू. १३२३च्या सुमारास मरण पावलेल्या तुतनखामून या तरुण राजाची सर्वांत आतली शवपेटी सुमारे ११० किलो सोन्याची आहे, त्याच्या चेहऱ्यावरील मुखवट्याचे वजन १० किलोंहून अधिक आहे आणि त्याच्या हातापायांच्या बोटांनाही सोन्याच्या टोप्या चढवलेल्या होत्या. हे सोने परलोकात खर्च करण्यासाठी दिलेली शिदोरी नव्हती. नाशिवंत देहावर चढवलेला तो अविनाशी देह होता, आणि म्हणूनच तो जमिनीवर ठेवून भागणार नव्हते.

चांदीची गोष्ट थोडी वेगळी आहे. इजिप्तमध्ये शुद्ध चांदीचे साठे जवळजवळ नसल्यामुळे आरंभीच्या काळात ती सोन्याहूनही दुर्मीळ मानली जात होती. मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या खुफू राजाची आई हेतेफेरेस हिची गीझा येथील समाधी १९२५ साली उजेडात आली, तेव्हा तीत चांदीची रुंद कंकणे मिळाली, ज्यांवर पिरोजा, लाजवर्द आणि लाल अकीक यांचे तुकडे बसवून फुलपाखरे काढलेली आहेत. या चांदीच्या विश्लेषणाचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की ती एजियन समुद्राच्या परिसरातून, म्हणजे आजच्या ग्रीसकडून, आली असावी. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या राणीच्या मनगटावरील धातू समुद्र ओलांडून आलेला होता.

२. सोने यायचे कोठून?

नाईल नदी आणि तांबडा समुद्र यांच्यामध्ये उघड्याबोडक्या डोंगरांचा जो पट्टा आहे त्याला पूर्वेचे वाळवंट म्हणतात. तेथील खडकांत गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, शिरा असून त्यांत सोन्याचे बारीक कण अडकलेले असतात. दक्षिणेकडे नूबियात, म्हणजे आजचा दक्षिण इजिप्त आणि उत्तर सुदान या प्रदेशात, अशा शिरा आणखी विपुल आहेत. इजिप्तच्या राजांनी नूबियावर पुन:पुन्हा स्वाऱ्या करून किल्ले बांधले, त्याचे हे एक मोठे कारण होते. इटलीतील तुरीन येथील संग्रहालयात इ. स. पू. ११५०च्या सुमाराचा पपायरसवरील एक नकाशा आहे. त्यात वादी हम्मामात या कोरड्या खोऱ्यातील वाटा, विहीर, खाणकामगारांची वस्ती आणि सोन्याचे डोंगर वेगवेगळ्या रंगांनी दाखवले असून जगातील सर्वांत जुन्या उपलब्ध नकाशांत त्याची गणना होते.

दगडातून सोने वेगळे कसे काढत, याचे सविस्तर वर्णन इ. स. पू. दुसऱ्या शतकातील अगाथार्किदीस या ग्रीक लेखकाने केले आणि पुढे दिओदोरस या इतिहासकाराने ते आपल्या ग्रंथात घेतल्यामुळे टिकले. खडकाला आग लावून तो तडकवायचा, फुटलेले दगड उखळात कुटून वाटाण्याएवढे करायचे, ते जात्यावर दळून त्यांचे पीठ करायचे आणि मग उतरत्या फळीवर पसरून त्यावर पाणी सोडायचे, असा हा क्रम होता. दगडाचे पीठ हलके असल्याने वाहून जाते आणि जड सोने फळीवर राहते. हे काम युद्धकैदी आणि शिक्षा झालेले गुन्हेगार करत, त्यांच्या पायांत बेड्या असत आणि त्यांना विश्रांती मिळत नसे, असेही त्या वर्णनात नोंदवले आहे.

अशा रीतीने मिळालेले सोने शंभर नंबरी नसे. नैसर्गिक सोन्यात चांदीचा अंश असतोच. तो साधारण पाचव्या हिश्शाहून वाढला, की धातू फिकट पिवळा दिसू लागतो आणि त्याला इलेक्ट्रम म्हणतात. सोन्यातून चांदी काढून टाकण्याची पद्धतशीर कृती इजिप्तच्या इतिहासात बरीच उशिरा रूढ झाली असल्यामुळे जुन्या दागिन्यांत पिवळ्याधमक रंगापासून जवळजवळ पांढुरक्या रंगापर्यंत अनेक छटा आढळतात. सोनारांनी या छटांना दोष मानले नाही. तुतनखामूनच्या काही दागिन्यांवर तर लोहाचा अंश असलेल्या पातळ थरामुळे उमटलेली गुलाबी-जांभळी झाकही मुद्दाम आणलेली आहे.

३. खड्यांचे रंग

दुसऱ्या प्रश्नाकडे आता वळता येईल. हिरा प्राचीन इजिप्तला अपरिचित होता, माणिक व नीलम यांचे साठे त्याच्या आवाक्यात नव्हते, आणि पूर्वेच्या वाळवंटात पाचूच्या खाणी असल्या तरी त्या ग्रीक व रोमन अमलाच्या काळातच नियमितपणे खोदल्या जाऊ लागल्या. पण उपलब्धता हे अर्धेच उत्तर झाले. पारदर्शक खड्याला पैलू पाडून त्याच्या आत शिरलेला प्रकाश लखलखता बाहेर आणणे, ही आजच्या जडजवाहिराची कल्पना आहे. इजिप्तच्या सोनाराला हवा होता तो गुळगुळीत घासलेला, सपाट आणि भरीव रंगाचा तुकडा. रंग ठसठशीत दिसला पाहिजे, कारण काम रंगानेच करायचे होते.

या रंगांत तीन मुख्य होते. निळा रंग लाजवर्दाचा. तो आकाशाचा, रात्रीचा आणि देवांच्या केसांचा. हा दगड ईशान्य अफगाणिस्तानातील बदख्शानच्या डोंगरांतून निघत असे आणि इराण, मेसोपोटेमिया, सीरिया अशा मजला करत हजारो किलोमीटर अंतर तोडून नाईलकाठी पोचत असे. इ. स. पू. सुमारे १००० या काळातील सुसेन्नेस या राजाच्या गळ्यातील लाजवर्दाच्या एका मण्यावर कीलाकृती लिपीतला मजकूर आहे. म्हणजे हा मणी राजाच्या हाती येण्यापूर्वी मेसोपोटेमियात कोणाच्या तरी मालकीचा होता.

हिरवट निळा रंग पिरोजाचा. तो कोवळ्या अंकुरांचा, पाण्याचा आणि पुनर्जन्माचा. पिरोजा सिनाई द्वीपकल्पातील वादी मघारा आणि सेराबित अल-खादिम येथून येई. तेथे हाथोर या देवीचे देऊळ बांधलेले होते आणि ‘पिरोजाची स्वामिनी’ अशी तिची उपाधी होती. हा दगड सच्छिद्र असून उन्हाने व कोरडेपणाने त्याचा रंग उतरतो. इ. स. पू. एकोणिसाव्या शतकात अमेनेमहात तिसरा याच्या कारकिर्दीत आलेल्या हरवेर्रे नावाच्या अधिकाऱ्याने तेथे कोरून ठेवलेल्या लेखात, आपण खाणकामाच्या हंगामाबाहेर, ऐन उन्हाळ्यात आल्यामुळे चांगला रंग मिळण्याची चिंता होती, पण देवीच्या कृपेने काम फत्ते झाले, असे म्हटले आहे.

तांबडा रंग अकीकाचा, म्हणजे कार्नेलियन या दगडाचा. तो रक्ताचा आणि जीवनशक्तीचा. त्याचे गोटे पूर्वेच्या वाळवंटात वेचायला मिळत. या तिघांच्या जोडीला हिरवा फेल्डस्पार, लाल जॅस्पर, गडद लाल गार्नेट, पारदर्शक स्फटिक आणि मध्य राज्याच्या काळात अस्वानजवळील वादी अल-हुदी येथून आणलेला जांभळा ॲमेथिस्ट हेही खडे वापरले जात. रंगाला दगडाहून अधिक महत्त्व होते, याचा चांगला पुरावा तुतनखामूनच्या वस्तूंत मिळतो. तेथे काही ठिकाणी अकीकाऐवजी रंगहीन स्फटिकाचा तुकडा बसवून त्याच्याखाली लाल रंग भरलेला आहे. राजाच्या सोनाराला अकीक मिळत नव्हता, असे मुळीच म्हणता येत नाही.

आकाशातून पडलेला पदार्थही या यादीत आहे. कैरोच्या दक्षिणेस गेर्झे येथे इ. स. पू. ३२०० च्या सुमाराच्या दफनांत सापडलेले लोखंडी मणी उल्कांतील लोहापासून बनवलेले आहेत, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीने सिद्ध झाले. लोखंड गाळण्याची विद्या तेव्हा नव्हती. उल्केचा तुकडा ठोकून त्याचा पातळ पत्रा केला आणि तो गुंडाळून मणी बनवला, अशी त्यांची रचना दिसते.

४. सोनाराचे कसब

सक्कारा येथील मेरेरुका या मंत्र्याच्या थडग्याच्या भिंतीवर इ. स. पू. सुमारे २३०० मधील एक कारखाना कोरलेला आहे. त्यात एक जण तराजूत सोने तोलतो, शेजारी कारकून वजन लिहून घेतो, मुशीभोवती बसलेली माणसे लांब नळ्यांनी निखारे फुंकतात आणि काही ठेंगू कारागीर गळ्यातले रुंद हार पुरे करत आहेत. राजवाडा किंवा देऊळ यांच्या मालकीचे सोने कारागिराला तोलून दिले जाई आणि तयार वस्तू पुन्हा तोलली जाई, हे या चित्रावरून कळते. फुंकणी म्हणजे टोकाला मातीची तोटी बसवलेला बोरू असे. तिच्या साहाय्याने कोळशाची आच सोने वितळण्याच्या १०६४ अंश सेल्सिअस तापमानापर्यंत नेता येत असे. पायाने चालवायचे भाते पुढे नव्या राज्याच्या काळात दिसू लागतात.

वितळलेले सोने थंड झाल्यावर दगडी हातोड्यांनी ठोकून त्याचा पत्रा आणि आणखी पातळ करून वर्ख काढला जाई. तार ओढण्याची भोके पाडलेली पट्टी, जी आज प्रत्येक सोनाराकडे असते, ती त्या काळी नव्हती. पत्र्याची अरुंद फीत कापून तिला पीळ द्यायचा आणि दोन सपाट दगडांमध्ये ती लाटायची, म्हणजे गोल तार तयार होई. सोन्याचे बारीक कण कोळशाच्या भुकटीत तापवले, की वितळताना ते आपोआप गोल होतात. असे रवे पत्र्यावर नक्षीने चिकटवण्याला रवाकाम म्हणतात. दहशूर येथे १८९४-९५ साली जाक द मॉर्गन या फ्रेंच संशोधकाला मिळालेल्या खनुमेत या राजकन्येच्या दागिन्यांत त्याचे नाजूक नमुने आहेत. दोन तुकडे जोडण्यासाठी झाळकाम करावे लागते. सोन्यात तांबे किंवा चांदी मिसळली, की मिश्रण शुद्ध सोन्याहून कमी तापमानाला वितळते आणि सांध्यात शिरून थिजते. ही दोन तापमाने इतकी जवळ असतात, की फुंकणारा क्षणभर चुकला तर सांध्याबरोबर दागिनाच वितळावा, आणि ते ओळखण्यासाठी कारागिराजवळ धातूच्या बदलत्या रंगावाचून दुसरे साधन नव्हते.

इजिप्तच्या अलंकाराला त्याचे ओळखीचे रूप आले ते मात्र घरे पाडून खडे बसवण्याच्या पद्धतीमुळे. महाराष्ट्रातील वाचकाला कुंदनाचा जडाव परिचित असतो. त्यात खडा आधी जागेवर ठेवून त्याच्याभोवती शुद्ध सोन्याचा वर्ख दाबत नेऊन कोंदण तयार करतात. इजिप्तमध्ये क्रम उलटा होता. सोन्याच्या जाड पत्र्यावर पातळ पट्ट्या उभ्या झाळून आधी लहान लहान घरे केली जात. मग प्रत्येक घराच्या मापाचा आणि आकाराचा खडा घासून घेऊन तो चिकणलेपात बसवला जाई व शेवटी सगळा पृष्ठभाग एकसारखा घासून सपाट केला जाई. पक्ष्याच्या पंखातील एकेका पिसासाठी एकेक घर असे. चूक झाली तर ती खड्याची मानली जाई, कारण घर बदलता येत नसे. खडाच पुन्हा नव्याने घासावा लागे.

मण्यांना भोके पाडणे हा वेगळाच व्यवसाय होता. थुतमोस तिसरा या राजाच्या रेखमिरे नावाच्या वझिराच्या थडग्यातील चित्रात कारागीर सामता चालवताना दिसतात. सामता म्हणजे धनुष्याच्या दोरीचा वेढा देऊन पुढेमागे फिरवायचा गिरमिटाचा प्रकार. येथे एकच माणूस एका लांब धनुष्याने दोन-तीन गिरमिटे एकदम फिरवतो. गिरमिटाचे टोक तांब्याचे किंवा काशाचे असले तरी दगड कापण्याचे खरे काम त्याच्याखाली सोडलेली बारीक वाळू करत असे. अकीक हा काचेहून कठीण दगड असल्याने एका मण्यामागे किती वेळ गेला असेल याची कल्पना करता येते, आणि एका रुंद हारात असे मणी शेकड्यांनी लागत.

५. भट्टीतून निघालेला निळा रंग

पिरोजा आणि लाजवर्द दुरून आणावे लागत, आणि निळाहिरवा रंग तर सर्वांनाच हवा असे. ही अडचण फायन्स या कृत्रिम पदार्थाने सोडवली. गारेचे बारीक पीठ, थोडा चुना, नाट्रॉन नावाचा सोड्याचा नैसर्गिक क्षार किंवा वनस्पतींची राख आणि रंगासाठी तांब्याचा अंश एवढी त्याची सामग्री. हे मिश्रण पाण्यात मळून मणी किंवा ताईत घडवला, की वाळताना पाण्याबरोबर क्षार पृष्ठभागावर येतात आणि तेथे त्यांची पांढरी पापुद्री जमते. भट्टीत ही पापुद्री वितळते व वस्तूवर निळीहिरवी झिलई आपोआप चढते, म्हणजे वेगळी झिलई लावण्याची गरज राहत नाही. अमार्ना येथे १८९१-९२ साली पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना अशा वस्तूंचे मातीचे साचे हजारोंच्या संख्येने मिळाले. फुले, द्राक्षांचे घोस, खजूर आणि कमळाच्या पाकळ्या या साच्यांतून काढून त्यांचे रंगीत हार ओवले जात. उत्सवात गळ्यात घालायच्या खऱ्या फुलापानांच्या हारांचीच ती टिकाऊ आवृत्ती होती.

इ. स. पू. १५०० च्या सुमारास यात रंगीत काचेची भर पडली. काच त्या काळी नवी आणि महाग होती. हिशेबाच्या व दानाच्या नोंदींत अस्सल लाजवर्द आणि भट्टीचा लाजवर्द असे दोन प्रकार वेगळे लिहिले जात, यावरून फरक त्यांना पक्का ठाऊक होता. तो लपवण्याची गरज मात्र त्यांना वाटली नाही. तुतनखामूनच्या मुखवट्यात भुवया आणि डोळ्यांच्या कडा लाजवर्दाच्या आहेत, पण शिरोवस्त्राचे रुंद निळे पट्टे काचेचे आहेत. ज्या वस्तूत दहा किलो सोने घातले तिच्यात काटकसर म्हणून काच वापरली, हे पटण्यासारखे नाही. निळा रंग देवाच्या केसांचा असावा, एवढी अट होती आणि ती काचेने पुरी होत होती. आजच्या अर्थाने खरा खडा आणि खोटा खडा हा भेद येथे लागू करता येत नाही.

६. दागिना वाचायचा कसा?

इजिप्तची चित्रलिपी आणि दागिन्यावरील आकृती यांत भिंत नव्हती, म्हणून पुष्कळ दागिने शब्दश: वाचता येतात. याचे एक उदाहरण तपशिलाने पाहण्यासारखे आहे. लाहून येथे १९१४ साली सिथाथोर्युनेत या राजकन्येच्या थडग्यात छातीवर रुळणारे एक पदक मिळाले. त्याची रुंदी आठ सेंटिमीटरांहून किंचित अधिक, म्हणजे तळहातावर मावेल एवढी आहे, आणि तेवढ्या जागेत अकीक, लाजवर्द, पिरोजा व गार्नेट यांचे ३७२ तुकडे घासून बसवलेले आहेत. हे पदक आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

पदकाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन ससाणे उभे आहेत. ससाणा हे सूर्यदेवाचे रूप. मधोमध वर लंबगोल चौकटीत सनुस्रेत दुसरा या राजाचे नाव असून त्यात सूर्यबिंब आणि भुंगेरा ही चिन्हे आहेत. भुंगेरा शेणाची गोळी ढकलत नेतो तसा सूर्य आकाशातून ढकलला जातो, अशी कल्पना असल्याने हा किडा उदयाचे व नवनिर्मितीचे चिन्ह बनला. नावाखाली गुडघे टेकून बसलेला देव दशलक्ष या संख्येचे चिन्ह आहे, आणि त्याच्या हातातील खजुराच्या खाचा पाडलेल्या फांद्या म्हणजे वर्षे. त्याच्या कोपराशी लोंबणारे बेडकाचे पिल्लू म्हणजे एक लक्ष. पदकावरील नागांच्या गळ्यात जीवनाचे अंख हे चिन्ह आहे, ससाण्यांच्या पंज्यांत वेढ्याचे वर्तुळ आहे आणि तळाच्या पट्टीवरील नागमोडी रेघा सृष्टीच्या आरंभीचे पाणी दाखवतात. आता बेरीज करता येते. दशलक्ष आणि एक लक्ष मिळून अकरा लक्ष. म्हणून संपूर्ण पदकाचे वाचन असे होते, की सूर्याने वेढलेल्या सगळ्या जगावर उगवता सूर्यदेव या राजाला अकरा लक्ष वर्षांचे जीवन आणि सत्ता देवो. राजकन्येच्या गळ्यातला हा दागिना राजासाठी केलेली अखंड प्रार्थना होता.

७. कोण काय घालत असे?

अलंकार स्त्रिया आणि पुरुष दोघेही घालत. सर्वांत प्रचलित होता तो खांद्यांपर्यंत पसरणारा अर्धवर्तुळाकार हार, ज्यात नळीसारख्या मण्यांच्या ओळी एकाखाली एक ओवलेल्या असत. तो पुढच्या बाजूने इतका जड होई, की तोल साधण्यासाठी पाठीवर वजनाचा एक लोलक सोडावा लागे. मनगटात व दंडात कंकणे, घोट्यांत वाळे, बोटांत भुंगेऱ्याच्या आकाराचा फिरता खडा बसवलेली अंगठी, हे प्रकार सार्वत्रिक होते. या भुंगेऱ्याच्या सपाट पोटावर नाव कोरून तीच अंगठी मोहोर म्हणूनही वापरत. कानांतले अलंकार मात्र उशिरा, इ. स. पू. सोळाव्या शतकाच्या आसपास रूढ झाले, आणि तुतनखामूनच्या मुखवट्याच्या पाळ्यांना भोके आहेत ती त्यामुळेच.

काही दागिने विकत घेता येत नसत. ते राजाच्या हातूनच मिळावे लागत. चकतीच्या आकाराचे सोन्याचे मणी दाटीवाटीने ओवलेला हार हे राजाच्या मर्जीचे उघड चिन्ह होते, आणि अमार्ना येथील थडग्यांच्या भिंतींवर अखेनातेन राजा सज्जातून आय या अधिकाऱ्याला असे हार टाकून देताना दाखवला आहे. एबानाचा मुलगा अहमोस या नाविक योद्ध्याने अल-काब येथील आपल्या थडग्यात, आपल्याला शौर्यासाठी सात वेळा सोने मिळाले, असे अभिमानाने कोरून ठेवले. अहहोतेप या राणीच्या १८५९ साली सापडलेल्या दागिन्यांत साखळीला लटकवलेल्या तीन मोठ्या सोन्याच्या माश्या आहेत. माशी हे युद्धातील पराक्रमाबद्दल द्यायचे मानचिन्ह होते. ती कितीही हाकलली तरी पुन्हा येऊन बसते, आणि शत्रूला तसेच सतावणारा सैनिक राजांना प्रिय असावा, हे समजण्यासारखे आहे.

ज्यांच्या वाट्याला सोने येत नसे अशा शेतकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या दफनांतही फायन्सच्या मण्यांची एखादी माळ किंवा लहानसा ताईत असतोच. राजाच्या गळ्यातील डोळ्याच्या आकाराचा लाजवर्दाचा ताईत आणि मजुराच्या मुलाच्या गळ्यातील तसाच फायन्सचा ताईत हे एकाच देवाचे, एकाच रंगाचे आणि एकाच कामासाठी घातलेले होते.

८. मृतांचे अलंकार

मृतासाठी कोणता ताईत कशाचा करावा, याचे लेखी नियम होते. ‘मृतांचे पुस्तक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंत्रसंग्रहात इसिस देवीची गाठ लाल जॅस्परची, ओसिरिस देवाच्या पाठीच्या कण्याचे चिन्ह असलेला खांब सोन्याचा आणि पपायरसचा देठ हिरव्या फेल्डस्पारचा करावा, असे सांगितले आहे. हृदयावर ठेवायचा भुंगेरा हिरव्या दगडाचा असे, आणि परलोकातील न्यायनिवाड्यात हृदयाने आपल्याच मालकाविरुद्ध साक्ष देऊ नये, असा मंत्र त्याच्या पोटावर कोरलेला असे. रक्त लाल, कोवळा देठ हिरवा आणि देवाचे अंग सोन्याचे. नियम रंगांच्या त्याच भाषेत लिहिलेले होते.

प्रेतासाठी मुद्दाम केलेले दागिने आणि आयुष्यात वापरलेले दागिने यांतील फरक हातात घेतल्यावर कळतो. पहिल्या प्रकारात सोन्याचा पत्रा अतिशय पातळ असतो, पुष्कळदा फासा किंवा अडकवणच नसते, कारण ते पुन्हा काढायचे नसतात. दुसऱ्या प्रकारात दोऱ्याने घासून झिजलेली भोके आणि बोथटलेल्या कडा दिसतात. तुतनखामूनच्या शवावर वस्त्राच्या थरांमध्ये दोन्ही प्रकारच्या मिळून १४३ वस्तू होत्या. त्याच्याच खजिन्यातील एका पदकाच्या मध्यभागी पिवळसर हिरव्या रंगाचा पारदर्शक भुंगेरा आहे. तो लिबियाच्या सीमेलगतच्या वाळवंटात सुमारे २.९ कोटी वर्षांपूर्वी प्रचंड उष्णतेने वाळू वितळून बनलेल्या नैसर्गिक काचेचा आहे, हे १९९०च्या दशकात ओळखले गेले.

९. चोर, तराजू आणि उरलेला ठेवा

इतके सोने जमिनीखाली आहे, हे ठाऊक असलेल्या समाजात चोऱ्या होणे अटळ होते. रामसेस नववा याच्या कारकिर्दीच्या सोळाव्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. १११०च्या सुमारास, थीब्झ येथे थडगी फोडणाऱ्यांवर खटला चालला आणि त्यातील अमेनपनुफेर नावाच्या दगडफोड्याचा कबुलीजबाब एका पपायरसवर टिकून आहे. सोबेकेमसाफ या राजाचे आणि त्याच्या राणीचे थडगे फोडून त्यांच्या शवांवरचे सोने, ताईत व दागिने काढून घेतले, शवपेट्या पेटवून दिल्या आणि आठ जणांनी सोन्याची सारखी वाटणी केली, असे तो सांगतो. प्रत्येकाच्या वाट्याला २० देबेन सोने आले. देबेन हे सुमारे ९१ ग्रॅमचे वजन होते. म्हणजे आठ जणांचे मिळून १६० देबेन, सुमारे साडेचौदा किलो, किंवा जुन्या तोळ्यात मोजले तर साडेबाराशे तोळ्यांच्या आसपास. त्याने पुढे असेही कबूल केले, की पकडला गेल्यावर आपला वाटा घाटावरच्या कारकुनाला देऊन तो सुटला आणि साथीदारांनी नंतर त्याची भरपाई केली.

पेटी पेटवण्यामागचा हेतू व्यवहारी होता. लाकूड जळाले, की त्यावरचे सोने खाली गोळा होते, आणि वितळलेल्या सोन्यावर कोणत्याही राजाचे नाव राहत नाही. चोराच्या हिशेबात देवाच्या मांसाचे २० देबेन झाले, आणि त्यात रंगाला, आकाराला किंवा मंत्राला जागा नव्हती. आज संग्रहालयांत असलेले दागिने म्हणूनच एकूण निर्मितीचा अत्यंत लहान अंश आहेत आणि बहुतेक चोरांच्या नजरचुकीमुळे वाचलेले आहेत. अबायडोस येथे १९०१ साली पेट्री यांच्या माणसांना पहिल्या राजवंशातील जेर राजाच्या थडग्यात भिंतीच्या भोकात कोंबलेला कापडात गुंडाळलेला एक हात मिळाला, आणि त्यावर सोने, पिरोजा, लाजवर्द व ॲमेथिस्ट यांची चार कंकणे जशीच्या तशी होती. कैरोच्या संग्रहालयात कंकणे जपली गेली, पण हाड आणि कापड टाकून देण्यात आले, त्यामुळे तो हात राजाचा होता की राणीचा, हे ठरवण्याचे साधन कायमचे हरपले. लाहूनच्या राजकन्येचे पदकही भिंतीतल्या कोनाड्यात पुराच्या गाळाखाली दडलेले असल्यामुळेच चोरांच्या हाती लागले नव्हते.

यावरून अभ्यासाची एक शिस्त निघते. इजिप्तचा अलंकार समजून घ्यायचा असेल तर तो कशाचा आहे आणि किती वजनाचा आहे, हे प्रश्न शेवटी विचारावेत. रंग कोणता, आकृती कशाची आणि ती शरीरावर नेमकी कोठे होती, हे आधी. पहिले दोन प्रश्न अमेनपनुफेरनेही विचारले होते आणि त्यांची उत्तरे त्याला अचूक मिळाली होती.